अरब मॉडर्न आर्टची क्युरेटर नक्की करते तरी काय?

२०२५ च्या नोव्हेंबरात कतारमध्ये, दोह्याला एम. एफ. हुसेन यांचं म्युझियम उघडलं आणि आपल्याकडच्या ग्रुप्सवर दोनतीन दिवस तोच विषय. माणूस पंढरपूरचा, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून वर आलेला, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ मध्ये लंडनला वारले, आणि आता त्यांच्या नावाची अख्खी वास्तू दोह्यात, तीही त्यांनीच काढून ठेवलेल्या स्केचवरून बांधलेली. पुढे २०२६ च्या फेब्रुवारीत आर्ट बाझल ही जगातली मोठी आर्ट फेअर पहिल्यांदा दोह्यात भरली. या सगळ्या बातम्यांत एक शब्द सारखा येत होता, क्युरेटर. आणि बऱ्याच जणांचा प्रश्न तोच होता की हे क्युरेटर लोक करतात काय, आणि अरब देशांत मॉडर्न आर्ट असं काही होतं तरी का, की तेलाचे पैसे आल्यावर सगळं बाहेरून विकत घेतलं?

होतं. भरपूर होतं आणि शंभरेक वर्षांपासून होतं. ते आपल्यापर्यंत पोचलं नाही याचं मोठं कारण म्हणजे त्याची कागदपत्रं पांगली, म्युझियमं लुटली गेली, चित्रकार परागंदा झाले, आणि हे सगळं पुन्हा गोळा करायचं काम मूठभर लोकांनी केलं. त्यातल्या नादा शाबूत या क्युरेटरच्या करिअरच्या आधाराने हा विषय सांगतो, कारण त्यांचं काम नीट कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

क्युरेटर म्हणजे भिंतीवर चित्रं लावणारा माणूस का?

प्रदर्शनात कुठलं चित्र कुठे लागणार हे क्युरेटर ठरवतो हे खरंच आहे, पण ते काम सगळ्यात शेवटी येतं. घरात माळ्यावरून जुन्या फोटोंची ट्रंक खाली काढली की एखादी आत्या असते बघा, जिला प्रत्येक फोटोतला माणूस ओळखता येतो, हे लग्न कुणाचं, साल कुठलं, मागे उभा असलेला पोरगा पुढे कुठे गेला, हा फोटो मूळ कुणाच्या घरचा आणि आपल्याकडे कसा आला, आणि ती बसून प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवते. ती गेली की त्याच फोटोंतली माणसं पुढच्या पिढीला अनोळखी होतात. क्युरेटर ते मागे लिहायचं काम करतो, फक्त एका घरापुरतं नाही तर एका देशासाठी किंवा एका काळासाठी, आणि त्याला ते पुराव्यानिशी करावं लागतं.

यातला एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवा, प्रोव्हेनन्स. म्हणजे चित्र चित्रकाराच्या हातातून निघाल्यापासून आजपर्यंत कुणाकुणाकडे होतं त्याची सलग साखळी. आपल्याकडे जमीन घेताना जुने सातबारे आणि फेरफार बघतात तोच हा प्रकार. साखळीत मोठी खिंडारं पडली की चित्र चोरीचं असू शकतं, खोटं असू शकतं, किंवा खरं असूनही ते सिद्ध करता येत नाही. अरब मॉडर्न आर्टमध्ये ही खिंडारं पावलोपावली आहेत.

आणि 'मॉडर्न अरब' म्हणजे नक्की काय?

ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून १९८० च्या आसपासपर्यंतचा काळ. कैरोत १९०८ साली प्रिन्स युसुफ कमाल यांनी स्कूल ऑफ फाइन आर्ट्स सुरू केलं, त्याच्या पहिल्या बॅचमध्ये महमूद मुख्तार होता, खेड्यातून आलेला पोरगा, पुढे पॅरिसला शिकला, आणि १९२८ मध्ये त्याचा 'नहदत मिस्र' (इजिप्तची जागृती) हा पुतळा कैरोच्या स्टेशनसमोरच्या चौकात उभा राहिला. गुलाबी ग्रॅनाइटचा, शेजारी स्फिंक्स उठतोय आणि बाई डोक्यावरचा पदर मागे सारतेय. १९५५ मध्ये तो तिथून हलवून कैरो युनिव्हर्सिटीच्या समोर नेला.

मग बगदाद. जवाद सलीम, जन्म १९१९, पॅरिस, रोम आणि लंडन तिन्हीकडे शिकलेला. दुसऱ्या महायुद्धात बगदादला परत आल्यावर त्याने पुराणवस्तू खात्यात नोकरी केली आणि तिथे सुमेरियन, असिरियन, म्हणजे इराकच्या प्राचीन संस्कृतींमधली शिल्पं रोज हाताखालून गेली. १९५१ मध्ये त्याने आणि शाकिर हसन अल सईद वगैरे मित्रांनी बगदाद मॉडर्न आर्ट ग्रुप काढला. त्यांचं म्हणणं असं की युरोपची नवी भाषा शिकायची पण तिच्यात बोलायचं ते आपलं. आपल्याकडे मुंबईत १९४७ मध्ये गोव्याच्या साळगावचे सूझा, हुसेन, रझा, आरा, गाडे, बाकरे या मंडळींनी चित्रकार-शिल्पकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला होता. दोन शहरं, चार वर्षांचा फरक, प्रश्न जवळजवळ तोच, ब्रिटिशांच्या सावलीतून बाहेर पडताना आपण कसं रंगवायचं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपण प्रोग्रेसिव्हवाल्यांची तुलना कायम पॅरिसशी करतो आणि बगदादकडे बघतच नाही.

मोरोक्कोत तर १९६९ मध्ये फरीद बेलकाहिया, मोहम्मद मेलेही वगैरे कॅसाब्लांकाच्या आर्ट स्कूलच्या मास्तरांनी आपली चित्रं मराकेशच्या जमा अल फना चौकात उघड्यावर टांगली. गॅलरीत कोण येतं, लोक जिथे आहेत तिथे चित्र न्यायचं, एवढा सरळ विचार.

पण इस्लाममध्ये तर चित्र काढायला मनाई ना?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. मशिदीत आणि कुराणाच्या प्रतीत माणसांची चित्रं नसतात, ते बरोबर. पण त्याबाहेर चित्रं कायम होती. बगदादच्या याह्या अल वासिती या चित्रकाराने १२३७ साली 'मकामात' नावाच्या गोष्टींच्या पुस्तकाची जी प्रत रंगवली ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि तिच्यात बाजार आहे, उंट आहेत, वाद घालणारी माणसं आहेत, बाळंत होणारी बाई सुद्धा आहे. जवाद सलीम आणि कंपनीने त्या वासितीलाच आपला पूर्वज मानलं.

शाबूत यांचं २००७ मध्ये आलेलं पुस्तक याच गोंधळावर आहे. पाश्चात्य म्युझियमांमध्ये काय व्हायचं की अरब माणसाने १९६० मध्ये काढलेलं अमूर्त चित्र सुद्धा इस्लामी कला विभागात जायचं, म्हणजे शेजारी बाराव्या शतकातली सुरई आणि इकडे विसाव्या शतकातलं कॅनव्हास, जणू मधली आठशे वर्षं घडलीच नाहीत. त्यांचा मुद्दा असा की अरबी अक्षर चित्रात आलं म्हणून ते चित्र सुलेखन होत नाही. मदीहा उमर या बाईंनी १९४० च्या दशकात अमेरिकेत राहून अरबी अक्षरं सुटी करून, वळवून, त्यातून अमूर्त चित्रं केली आणि १९४९ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन लायब्ररीत मांडली. तिथे अक्षर वाचायचं नसतंच, ते आकार म्हणून येतं. या अरब चित्रकारांत अनेक जण ख्रिश्चन होते, काही ज्यू होते, काहींना धर्माशी घेणंदेणं नव्हतं. सगळ्यांना 'इस्लामी' खात्यात टाकलं की त्यांनी ज्या गोष्टीसाठी आयुष्य घातलं तीच पुसली जाते.

मग या शाबूत बाईंनी केलं काय?

त्या मूळ कला इतिहासाच्या अभ्यासक. १९९९ मध्ये टेक्ससमध्ये पीएचडी केली आणि पुढे बरीच वर्षं युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्ससमध्ये शिकवलं. त्या काळी अमेरिकेत हा विषय घेणं म्हणजे एकट्यानेच चालायचं, कारण गाइड मिळणं कठीण, पुस्तकं नाहीत, नोकरीच्या जाहिरातीत असा विषयच नाही. सलवा मिकदादी यांच्यासारखे मोजके लोक आधीपासून होते, त्यांनी १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या महिला कलाकारांच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये अरब चित्रकर्तींचं मोठं प्रदर्शन केलं होतं आणि २००९ मध्ये व्हेनिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं तिथलं मोठं कलाप्रदर्शन, त्याच्या निमित्ताने पॅलेस्टाइनचं पहिलं प्रदर्शन तिथे नेलं. पण विषय म्हणून पाया घातला गेला नव्हता.

आणि मग एप्रिल २००३. अमेरिकी फौजा बगदादमध्ये शिरल्या आणि इराकचं राष्ट्रीय म्युझियम लुटलं गेलं, ती बातमी जगभर झाली, आपल्याही पेपरांत पहिल्या पानावर होती. त्याच दिवसांत हैफा स्ट्रीटवरचं मॉडर्न आर्टचं म्युझियमही लुटलं गेलं, १९८६ मध्ये सद्दाम आर्ट्स सेंटर म्हणून सुरू झालेलं, आणि त्याची बातमी जवळजवळ कुणी केली नाही. तिथे सुमारे ८००० कामं होती, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढची. बहुतेक सगळी गेली. काही फ्रेममधून कापून नेली. आणि चित्रांबरोबर रजिस्टरं, फाइल्स, फोटो हेही गेलं, म्हणजे काय गेलं हे सांगायला सुद्धा कागद उरला नाही.

इथे थांबून विचार करा. पाच हजार वर्षं जुनी सुमेरियन मूर्ती चोरीला गेली तर तिचे फोटो लंडनमध्ये आहेत, बर्लिनमध्ये आहेत, उत्खननाचे अहवाल आहेत, कुठल्याही लिलावात आली तर दहा माणसं ओळखतील. १९५५ मध्ये बगदादच्या चित्रकाराने काढलेलं चित्र गेलं तर? ते एकदा प्रदर्शनात लागलेलं, चार पानी ब्रोशरमध्ये काळापांढरा अंगठ्याएवढा फोटो छापलेला, ब्रोशर चित्रकाराच्या बहिणीच्या कपाटात, आणि बहीण आता अम्मानला. जुनी वस्तू वाचवायची असते हे सगळ्यांना पटतं, पन्नास वर्षांपूर्वीची वाचवायची असते हे पटायला वेळ लागतो, आणि तोवर ती मातीमोल भावाने विकली गेलेली असते.

बगदादमध्येच राहिलेल्या शिल्पकार मोहम्मद गनी हिकमत यांनी चोरीची कामं परत मिळवायला एक समिती उभी केली. लुटलेली चित्रं आणि शिल्पं बाजारात फिरत होती, यांनी ती हुडकून परत विकत घ्यायला सुरुवात केली. जवाद सलीमचं 'मातृत्व' हे लाकडी शिल्प असंच हाती लागलं.

शाबूत यांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. त्यांनी मॉडर्न आर्ट इराक अर्काइव्ह हा कागदपत्रांच्या संग्रहाचा प्रकल्प हाती घेतला, २०११ मध्ये तो ऑनलाइन सर्वांना खुला झाला. हरवलेल्या कामांचे फोटो, जुनी कॅटलॉग, प्रदर्शनांची निमंत्रणं, वर्तमानपत्रांची कात्रणं, चित्रकारांच्या घरच्यांनी दिलेली माहिती, हे सगळं एकेक करून जमवायचं, स्कॅन करायचं, नाव, साल, माप, माध्यम लिहायचं आणि जगाला बघू द्यायचं. यात लोकांना भर घालायला सांगितलं होतं, कारण ज्यांना आठवतंय ती माणसं म्हातारी होत चालली होती आणि वेगवेगळ्या देशांत विखुरलेली होती. त्याआधीच, २००७ मध्ये, त्यांनी अरब जग, इराण आणि तुर्कस्तानच्या मॉडर्न आणि समकालीन कलेवर काम करणाऱ्यांची संघटना काढली, म्हणजे पुढे येणाऱ्या विद्यार्थ्याला निदान आपल्यासारखं काम करणारे आणखी कुणी आहेत हे कळावं.

हे काम बघायला अजिबात ग्लॅमरस नाही. ओपनिंगचे फोटो नाहीत, वाइन नाही. पण माझ्या मते त्यांच्या करिअरमधलं सगळ्यात मोठं काम हेच, प्रदर्शनांपेक्षाही मोठं.

एक शिल्प जवळून बघूया

बगदादच्या तहरीर चौकातलं 'नस्ब अल हुर्रिया', स्वातंत्र्याचं स्मारक. १९५८ च्या जुलैमध्ये राजेशाही उलथली, अब्द अल करीम कासिम सत्तेवर आला आणि जवाद सलीमला हे काम मिळालं. वास्तुविशारद रिफात चादिर्जी यांनी साधारण पन्नास मीटर लांबीची एक आडवी भिंत उचलून धरली आणि तिच्यावर ब्रॉन्झच्या १४ आकृती बसवल्या. ती उजवीकडून डावीकडे बघायची, अरबी ओळ वाचतो तशी. घोडा, निदर्शक, मुलाचं प्रेत धरलेली आई, मधोमध गज तोडून बाहेर झेप घेणारा सैनिक, मग शांतता, शेती, उद्योग. असिरियन शिल्पपट ज्याने पाहिलेत त्याला घोड्यात ते लगेच दिसतात आणि पिकासो ज्याने पाहिलाय त्याला तोही दिसतो. काम पुरं व्हायच्या आत, जानेवारी १९६१ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी जवाद हार्ट अटॅकने गेला. त्याची बायको लॉर्ना, जी स्वतः चित्रकार होती, आणि चादिर्जी वगैरे लोकांनी ते पूर्ण करून घेतलं.

हे शिल्प अजून उभं आहे. इतकी सरकारं आली, युद्धं झाली, २०१९ मध्ये हजारो पोरंपोरी त्याच्याच खाली सरकारविरोधात बसली होती. म्हणजे ज्याला कुणी 'बाहेरून आणलेली मॉडर्न आर्ट' म्हणेल ते तिथल्या लोकांना आपलं वाटतं, याला आणखी वेगळा पुरावा नको.

दोह्यात म्युझियम कसं आलं?

कतारच्या राजघराण्यातले शेख हसन बिन मोहम्मद अल थानी हे तरुणपणापासून अरब चित्रकारांची कामं जमवत होते. इराकवर आंतरराष्ट्रीय व्यापारी निर्बंध होते त्या काळात अनेक इराकी चित्रकारांना त्यांनी दोह्यात बोलावून राहायला, काम करायला जागा दिली. हा संग्रह हजारोंच्या घरात गेला आणि ३० डिसेंबर २०१० ला एज्युकेशन सिटीतल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत 'मतहफ' हे अरब मॉडर्न आर्टचं म्युझियम सुरू झालं. पहिल्या डायरेक्टर वसन अल खुदैरी, इराकी मुळांच्या. शाबूत सल्लागार क्युरेटर होत्या, आणि उद्घाटनाचं 'सज्जिल' हे शंभर वर्षांचा आढावा घेणारं प्रदर्शन त्यांच्या टीमचं.

सोबत त्यांचं दुसरं प्रदर्शन होतं 'इंटरव्हेन्शन्स', पाच हयात ज्येष्ठांचं. इराकचे दिया अल अझ्झावी, मोरोक्कोचे बेलकाहिया, इजिप्तचे अहमद नवार, अमिरातीचे हसन शरीफ आणि सुदानचे इब्राहिम अल सलाही. सलाहींना १९७५ मध्ये खार्तुमच्या तुरुंगात सहा महिने खटला न चालवताच डांबलं होतं, तिथे कागद सापडला तर शिक्षा, म्हणून ते चिठोऱ्यांवर रेघोट्या काढून वाळूत पुरून ठेवायचे. पुढे त्यांची मोठमोठी चित्रं सुद्धा छोट्या छोट्या तुकड्यांनी वाढत गेली ती तिथूनच. अशा माणसाला हयातीत स्वतःच्या भाषेच्या प्रदेशात मोठी जागा मिळते ही साधी गोष्ट नाही.

आणि हो, याच मतहफमध्ये २०१९ साली हुसेन यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं, 'हॉर्सेस ऑफ द सन', आणि ते क्युरेट केलं होतं मुंबईच्या रणजित होस्कोटे यांनी. म्हणजे हे जग आपल्यापासून वाटतं तेवढं लांब नाहीये.

खराब झालेलं चित्र दुरुस्त करायचं की तसंच ठेवायचं?

लेबनॉनच्या सलवा रावदा शुकैर यांचं उदाहरण घ्या. १९१६ चा जन्म, बैरुतमध्ये अमूर्त कला करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी, आयुष्यभर काम करत राहिल्या आणि विक्री नगण्य. २०१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांचं संपूर्ण कारकिर्दीचं प्रदर्शन केलं तेव्हा वय नव्वदीच्या पार. त्यात 'टू इक्वल्स वन' नावाचं एक चित्र होतं, १९४७ ते १९५१ च्या दरम्यानचं, शांत रंगांचे एकमेकांत बसणारे आकार. १९८० च्या दशकात बैरुतच्या यादवीत घराजवळ बॉम्ब फुटला आणि खिडकीच्या काचा उडून चित्रात घुसल्या. चित्र लागलं ते भोकांसकट, आणि काचेचे कण अजून त्यात आहेत.

चित्र बुजवून गुळगुळीत केलं तर बघणाऱ्याला चित्रकर्तीने जे काढलं ते दिसेल. तसंच ठेवलं तर चित्राचं आयुष्यही दिसेल, पण मग लोक रंग बघण्याऐवजी बॉम्बच बघतील, आणि शुकैर यांना स्वतःला राजकारणावर नाही तर भूमितीवर बोलायचं होतं. दोन्ही बाजूंना वजन आहे. मला तसंच ठेवणं योग्य वाटतं, पण अट एकच, आजूबाजूला त्यांची इतकी कामं असली पाहिजेत की ते एक चित्र सगळ्यांना गिळून टाकणार नाही. क्युरेटरचं कौशल्य ते हेच.

खोट्या चित्रांचा एवढा बाऊ का?

कारण पैसा आला. क्रिस्टीज या लिलाव कंपनीने २००६ मध्ये दुबईत लिलाव सुरू केले, आणि २०१० मध्ये अलेक्झांड्रियाचे महमूद सईद, जे पेशाने न्यायाधीश होते, त्यांचं १९२९ चं दरवेशांचं चित्र २५ लाख डॉलरच्या वर गेलं. किंमत वाढली की नकला आल्याच, आणि जिथे रजिस्टरं जळालीत तिथे नकलाकाराचं फावतं. इराकी चित्रकारांच्या नकला तर निर्बंधांच्या काळापासूनच बाजारात येत होत्या.

मग क्युरेटर काय बघतो? आधी मागची बाजू. कॅनव्हास कसला, लाकडी चौकट किती जुनी, खिळे की स्टेपल, कुठल्या गॅलरीचं लेबल, कस्टमचा शिक्का. मग पुढून सही, पण सहीवर विसंबत नाही, कारण सही करणं सगळ्यात सोपं. लॅबमध्ये रंग तपासतात, उदाहरणार्थ टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो १९२० च्या आसपास, तेव्हा १९०५ चं म्हणून आणलेल्या चित्रात तो सापडला तर विषय संपला. आणि शेवटी जुना फोटो किंवा कॅटलॉग, ज्यात हे चित्र त्या साली होतं असं दिसतं. महमूद सईद यांच्या सगळ्या ज्ञात कामांची यादी असलेला जाडजूड ग्रंथ निघाला, आता तिथे तपासता येतं. बहुतेक अरब चित्रकारांच्या नशिबात असा ग्रंथ अजून नाही. शाबूत यांचं अर्काइव्ह किंवा न्यूयॉर्कच्या मोमाने, म्हणजे तिथल्या मॉडर्न आर्टच्या म्युझियमने, २०१८ मध्ये काढलेला मूळ कागदपत्रांचा संग्रह, ज्याच्या तीन संपादकांपैकी त्या एक, यांचं मोल इथे कळतं.

कागद नसेल तर अख्खं प्रदर्शन हरवू शकतं. १९७८ मध्ये बैरुतमध्ये पॅलेस्टाइनसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन झालं, सुमारे ३० देशांतून २०० च्या आसपास कामं, प्रसिद्ध स्पॅनिश चित्रकार मिरोचं सुद्धा होतं. १९८२ च्या इस्रायली वेढ्यात ती इमारत बॉम्बखाली गेली आणि सगळंच पांगलं. क्रिस्टीन खूरी आणि रशा सल्ती या दोघींनी एका जुन्या कॅटलॉगवरून धागा पकडला, देशोदेशी जाऊन वयस्कर कलाकारांच्या मुलाखती घेतल्या आणि २०१५ पासून त्यावर प्रदर्शनं केली, ज्यात मूळ चित्रं नाहीतच, फक्त पत्रं, फोटो, आठवणी. तरी ते बघताना काय होतं आणि काय गेलं ते समजतं.

हे सगळं शेखांच्या पैशावर चाललंय, मग त्यात स्वातंत्र्य कसलं?

आक्षेप रास्त आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. म्युझियम, बिएनाले, बक्षिसं यातला मोठा पैसा आखाती राजघराण्यांचा आहे आणि त्यांना त्यातून जगात नाव हवंय हे उघड आहे. त्याच्या मर्यादाही आहेत. जेरुसलेमचे जॅक पर्सेकियन शारजा आर्ट फाउंडेशनचे डायरेक्टर होते, २०११ च्या बिएनालेत एका अल्जेरियन लेखक-कलाकाराच्या कामातला मजकूर आक्षेपार्ह ठरला आणि पर्सेकियन यांना तडकाफडकी काढलं.

पण मग पाश्चात्य देशांत सगळं मोकळं आहे का? समिया हलबी, जेरुसलेममध्ये १९३६ ला जन्मलेल्या पॅलेस्टिनी अमेरिकन अमूर्त चित्रकर्ती. ज्या इंडियाना युनिव्हर्सिटीत त्या शिकल्या त्याच युनिव्हर्सिटीच्या म्युझियमने त्यांचं अमेरिकेतलं पहिलं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे संपूर्ण कारकिर्दीचं प्रदर्शन, ठरवलं होतं, कित्येक वर्षांची तयारी, फेब्रुवारी २०२४ ची तारीख पक्की, आणि जेमतेम दोन महिने आधी ते रद्द केलं. कारण सुरक्षेचं दिलं, हलबी यांचं म्हणणं की गाझावर बोलल्यामुळे. चित्रं पुढे मिशिगनमध्ये लागली. तेव्हा या विषयाच्या क्युरेटरला दोन्हीकडे तारेवरूनच चालावं लागतं, एकीकडे सेन्सॉरशिप, दुसरीकडे भीती. पैसा कुणाचा हे विचारायलाच हवं, पण त्या पैशावाचून बगदादच्या त्या पिढीची चित्रं आज कुठे असती हेही विचारायला हवं, आणि मला तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त अस्वस्थ करतं.

आपल्याकडच्या एखाद्याला हे करायचं असेल तर?

करता येतं, पण शॉर्टकट नाही. कला इतिहासात एमए आणि बहुतेक वेळा पीएचडी. भाषा मुख्य. अरबी वाचता आलीच पाहिजे, कारण १९५० च्या दशकातली समीक्षा, जाहीरनामे, पत्रव्यवहार तिच्यात आहे, आणि मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया, लेबनॉनवर काम करायचं तर फ्रेंचही. आपल्याकडच्या ज्यांना उर्दू वाचता येते त्यांना लिपीचा अडसर कमी असतो, तो एक फायदा आहे.

बाकी रोजचं काम बहुतांश कागदांचं. चित्र उसनं आणायचं तर मालकाशी करार, विमा, आपल्या इमारतीत तापमान आणि आर्द्रता किती राहते याचा अहवाल, चित्र क्रेटमध्ये जाताना आणि बाहेर येताना कंडिशन रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक ओरखडा, प्रत्येक भेग टॉर्च लावून बघायची आणि फोटोसकट लिहायची. युद्ध सुरू असलेल्या देशातून चित्र आणायचं तर विमा कंपनी आधी नाही म्हणते. चित्रकार निर्वासित असेल तर चित्राला परवानगी मिळते आणि माणसाला व्हिसा मिळत नाही, हे वारंवार होतं. आणि यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे चित्रकारांच्या घरी जाणं. त्यांच्या मुलांना, सुनांना वाटतं की हे लोक येतात, अल्बम नेतात आणि परत करत नाहीत, काही वेळा खरंच तसं झालेलं असतं. म्हणून चांगला क्युरेटर स्कॅनर सोबत घेऊन जातो, त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बसून स्कॅन करतो, अल्बम तिथेच ठेवतो आणि फाइल्सची एक कॉपी घरच्यांना देतो.